प्रस्तावना : आधी परतीचा हिशेब

महाराष्ट्रातल्या कितीतरी नागरी सहकारी बँकांत, साखर कारखान्यांत आणि रुग्णालयांत वर्षानुवर्षे बॅकअप म्हणजे टेप असेच समीकरण होते. संध्याकाळी डे-एंड आटोपला की त्या वाराची कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये सरकवायची, सकाळी काढायची, नोंदवहीत सही करायची आणि आठवड्याची कार्ट्रिज शिपायाबरोबर दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत पाठवायची. आता ते ड्राइव्ह जुने झाले, दुरुस्तीचे करार संपले, हे सगळे ज्याला तोंडपाठ होते तो माणूस निवृत्त झाला. मग संचालकांपुढे विषय येतो: टेप बंद करून डिस्कवर जायचे का? बहुतेक संस्थांसाठी याचे उत्तर ‘हो’ आहे. पण निर्णयाची रीत चुकते. किती टीबी जागा घ्यायची इथून बैठक सुरू होते आणि सर्वांत कमी दराच्या कोटेशनवर संपते. ती बैठक भरण्याआधी वाचले जावे, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

टेप मागासलेली आहे म्हणून ती जाते आहे, हा समज आधी बाजूला ठेवू. आयबीएमने ७२६ हा टेप ड्राइव्ह १९५२ मध्ये बाजारात आणला. १९५६ मध्ये त्याच कंपनीच्या रॅमॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांची पहिली हार्ड डिस्क आली. तिच्यात ५ एमबीच्या आसपास माहिती मावत असे. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे डिस्क इतकी महाग होती की मूळ माहितीसाठीच ती जपून वापरावी लागे, प्रतींसाठी कोणी तिचा विचार करत नसे. प्रती टेपवर जात. २००० साली एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी मिळून आणलेल्या एलटीओ या प्रमाणित टेपच्या पहिल्या पिढीत १०० जीबी मावत होते. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या एका कार्ट्रिजमध्ये, दाबून न बसवता, १८ टीबी मावतात. क्षमतेत टेप हरलेली नाही. दर टीबीमागचा खर्च पाहिला तर मोठ्या साठ्यांसाठी ती आजही स्वस्त पडते, आणि सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या कणभौतिकीच्या प्रयोगांची माहिती आजही टेपवर जपली जाते.

मग अडले कुठे? अडले ते ड्राइव्हला माहिती पुरवण्यात. एलटीओच्या नवव्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबी लिहू शकतो. मध्यम आकाराच्या संस्थेत सर्व्हर आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये अजूनही एक गिगाबिटचे नेटवर्क असते; त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास माहिती येते, आणि लाखो छोट्या फायली असतील तर त्याहून बरीच कमी. ड्राइव्ह आपली गती थोडी उतरवतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. त्याखाली पुरवठा गेला की टेप थांबते, थोडी मागे जाते, जागेवर येते, पुन्हा सुटते, पुन्हा थांबते. रात्रभर हेच चालले की बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही आणि टेप व हेड दोन्ही झिजतात. ड्राइव्ह जितका नवा आणि वेगवान, तितका छोट्या संस्थेचा हा त्रास मोठा. डिस्कला असे काही लागत नाही. सावकाश आलेली माहिती ती सावकाश लिहून घेते आणि वीस सर्व्हर एकाच वेळी आले तरी सगळ्यांचे घेते.

परतीच्या वाटेवर हा फरक आणखी ठळक होतो. एखाद्या लिपिकाने चुकून खोडलेली एक फाइल हवी असेल तर टेपवर आधी योग्य कार्ट्रिज शोधायची, ती तिजोरीतून मागवायची, लावायची आणि जवळजवळ एक किलोमीटर लांबीच्या फितीतून त्या जागेपर्यंत जायचे. रविवारी पूर्ण आणि रोज फक्त बदल अशी पद्धत असेल तर शुक्रवारचा सर्व्हर उभा करायला रविवारपासूनच्या सगळ्या टेप क्रमाने लागतात, आणि मधली एक जरी वाचली गेली नाही तरी साखळी तुटते. डिस्कवर हेच काम जागच्या जागी, काही मिनिटांत होते. रोजच्या मागण्यांतली बहुतेक अशीच, कालपरवाच्या फायलींची असते. डिस्कच्या बाजूने मी इतक्या आग्रहाने बोलतो ते याच कारणाने.

दुसरे मोठे कारण डीडुप्लिकेशन. आजचा पूर्ण बॅकअप आणि गेल्या रविवारचा पूर्ण बॅकअप यांत बहुतेक भाग तोच असतो. माहितीचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची गणिती ओळखखूण काढायची, आणि ती खूण आधी नोंदलेली असेल तर तुकडा पुन्हा न लिहिता फक्त संदर्भ ठेवायचा. बेल लॅब्जमध्ये २००२ साली मांडलेल्या ‘व्हेंटी’ या साठवण पद्धतीचा पाया हाच होता. त्याच सुमारास डेटा डोमेन ही कंपनी याच विचारावर बॅकअपसाठीची डिस्क-यंत्रे बनवू लागली, आणि २००९ मध्ये ईएमसीने ती सुमारे २.१ अब्ज डॉलरना विकत घेतली. टेपवर हे तंत्र नीट चालत नाही, कारण विखुरलेले तुकडे गोळा करायला फीत सतत पुढे-मागे पळवावी लागेल. डिस्कवर चालते, आणि म्हणूनच महिन्याभराच्या प्रती डिस्कवर ठेवणे परवडू लागले.

इथेच विक्रेत्याचे पत्रक नीट वाचायला हवे. ‘वीस पट बचत’ असे आकडे ज्या माहितीसाठी खरे ठरतात ती माहिती तुमची असेलच असे नाही. एकसारख्या ऑपरेटिंग सिस्टीमचे तीस आभासी सर्व्हर असतील तर बचत भरघोस होते. पण रुग्णालयातल्या एक्स-रेच्या आधीच दाबलेल्या प्रतिमा, सीसीटीव्हीचे चित्रण किंवा लिहिण्याआधीच एन्क्रिप्ट केलेला डेटाबेस यांत एकसारखे तुकडे जवळजवळ सापडत नाहीत. अशा माहितीला तितकीच जागा लागते जितकी ती आहे. आपल्याच माहितीचा महिनाभराचा नमुना त्या यंत्रावर चालवून दाखवा, असे विक्रेत्याला सांगायला संकोच करू नका.

आता ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक लिहिणे मला भाग पडले, तिच्याकडे येतो. टेप तिजोरीत जाऊन पडली की ती कोणत्याच तारेला जोडलेली नसते. सर्व्हरवर कोणी काहीही केले तरी तिला धक्का लागत नाही. हे कोणी मुद्दाम योजलेले नव्हते. टेप वापरण्याच्या कटकटीतूनच हे संरक्षण आपोआप मिळत होते. डिस्कवर जाताना आपण कटकट टाळतो आणि तिच्याबरोबर ते संरक्षणही घालवतो. डिस्क सतत चालू, सतत नेटवर्कवर, आणि बहुधा त्याच पासवर्डने उघडणारी. टेपचा हा अलगपणा डिस्कच्या आराखड्यात जाणीवपूर्वक परत आणला नाही, तर संस्था आधीपेक्षा जास्त उघडी पडते.

फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने हजारो खात्यांतली पत्रे नाहीशी झाली. गूगलकडे त्या माहितीच्या अनेक प्रती अनेक केंद्रांत होत्या, तरी त्या दोषाने त्यांनाही गाठले. पत्रे परत मिळाली ती टेपवरून. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्यात हल्लेखोर शिरला. माहिती आणि बहुतेक बॅकअप एकाच खात्याच्या ताब्यात होते. त्याने दोन्ही पुसले आणि कंपनी बंद पडली. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. त्याचा फटका थेट आपल्या न्हावाशेव्यापर्यंत आला. जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले. मर्स्कच्या साऱ्या जाळ्यात कोण कोण आहे हे सांगणाऱ्या डोमेन कंट्रोलरच्या सगळ्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या होत्या, म्हणून त्या एकत्रच गेल्या. वाचली फक्त घानामधली एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे ती जाळ्यातून सुटलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीची घडी पुन्हा बसली ती त्या एका प्रतीवरून. वीज जाण्याच्या योगायोगावर कोणत्याही संस्थेने विसंबू नये.

आपल्या देशातले उदाहरण दिल्लीच्या एम्सचे. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथल्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि पुढे कित्येक दिवस नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सुमारे १.३ टीबी माहिती एन्क्रिप्ट झाली होती, आणि ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. १.३ टीबी म्हणजे आज खिशात मावणारी डिस्क. तेवढ्यासाठी देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला इतके दिवस का लागले, हा विचार प्रत्येक आयटी प्रमुखाने करावा. नुसती प्रत असून भागत नाही. ती स्वच्छ आहे याची खात्री, ती उतरवायला नवी स्वच्छ यंत्रे आणि कोणती सेवा आधी सुरू करायची याचा ठरलेला क्रम, हे सगळे लागते.

डिस्कच्या आराखड्यात अलगपणा कसा आणायचा, यावर या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग खर्च झाला आहे. बॅकअप सर्व्हर संस्थेच्या डोमेनमध्ये घालायचा नाही. त्याचे पासवर्ड वेगळे, ते ठेवणारी माणसेही शक्यतो वेगळी. सर्व्हरने बॅकअपच्या डिस्कवर ढकलायचे नाही, बॅकअप यंत्रणेने येऊन ओढून न्यायचे. ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाच, अगदी अॅडमिनलाही, पुसता येणार नाही अशी बदल-बंद साठवण आता अनेक यंत्रांत आणि क्लाउड सेवांत मिळते. तिचा उपयोग करायचा, आणि त्या यंत्राचे घड्याळ पुढे ढकलून मुदत संपवता येत नाही ना, हेही तपासायचे. यातले काहीच फार खर्चिक नाही. शिस्त मात्र लागते.

रेडबद्दलचा गैरसमज अजून जिवंत आहे, म्हणून दोन शब्द. पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेली, अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची ही पद्धत एखादी डिस्क बिघडली तरी काम थांबू देत नाही. पण खोडलेली फाइल ती प्रत्येक डिस्कवरून तितक्याच तत्परतेने खोडते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअपच्या यंत्रात मात्र रेड हवी, आणि मोठ्या डिस्क असतील तर दोन डिस्क एकदम गेल्या तरी तग धरणारी हवी. १६ टीबीची एक डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या अखंड गतीने पुन्हा भरायची म्हटली तरी २२ तास लागतात, आणि त्या काळात बाकीच्या डिस्क कडेपासून कडेपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या पत्रकात दर १०० लाख कोटी बिटांमागे, म्हणजे सुमारे १२.५ टीबी वाचनामागे, एक न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते. हा जोखमीचा हिशेब डिस्क घेण्याआधी करायचा असतो. एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या स्वस्त डिस्क सलग लिहिण्याच्या कामात दमतात. खरेदीच्या आदेशात त्या नकोत असे स्पष्ट लिहा.

आणि जागा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि शेजारच्या कपाटातला बॅकअप यांना तसे पाणी सारखेच लागते. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्या ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांतल्या अनेकांची मूळ माहिती आणि प्रत दोन्ही गेली. टेप असताना कोणीतरी ती पिशवीत घालून बाहेर नेत होते. डिस्कचे कपाट कोणी उचलून नेत नाही, म्हणून दुसऱ्या शहरातली प्रत नेटवर्कवरून जायला हवी आणि त्या लाइनचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात असायला हवा.

आता आकड्यांकडे. जागेचा प्रश्न आधी विचारू नका, असे मी वर म्हटले, कारण जागा हे उत्तर आहे. त्याआधीचे दोन प्रश्न संस्थेच्या कारभाऱ्यांनी सोडवायचे आहेत, आयटी विभागाने एकट्याने नव्हे. किती वेळाचे काम पुन्हा करायची आपली तयारी आहे? आणि किती वेळ आपण बंद राहू शकतो? बँकेच्या खातेवहीला यांची उत्तरे मिनिटांत असतील, प्रशिक्षण विभागाच्या चित्रफितींना आठवड्यात. सगळ्या माहितीला एकच माप लावले की एक तर पैसे वाया जातात किंवा नेमकी महत्त्वाची माहिती मागे राहते.

समजा १० टीबी माहिती आहे आणि रोज तिच्यातली २ टक्के बदलते. आठवड्याला एक पूर्ण प्रत आणि उरलेले सहा दिवस बदल असे चार आठवडे जुन्या पद्धतीने ठेवले तर ४० अधिक ४.८, म्हणजे जवळजवळ ४५ टीबी लागतात. वर्षभराच्या मासिक पूर्ण प्रती धरल्या तर आणखी १२० टीबी. डीडुप्लिकेशनने हा आकडा खूप उतरतो, पण किती, ते तुमच्या माहितीवर ठरते. माहिती वर्षाला २५ टक्क्यांनी वाढत असेल तर तीन वर्षांत १० टीबीची साडेएकोणीस होते. आज पुरेल एवढीच जागा घेणारा दुसऱ्या वर्षाअखेरीस पुन्हा बैठकीत बसतो. आणि जागेइतकीच महत्त्वाची परतीची गती. हीच १० टीबी एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून परत आणायला, काहीही न अडता, २५ तास लागतात. ‘चार तासांत सुरू होऊ’ असे ज्या संस्थेने ठरावात लिहिले आहे तिने दहा गिगाबिटचे नेटवर्कही त्याच ठरावात मंजूर करायला हवे.

कायद्याचा विचारही इथेच यावा. कंपनी (लेखे) नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबपुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपायची आहेत. आठ वर्षांची जुनी माहिती सतत फिरणाऱ्या, वीज खाणाऱ्या डिस्कवर ठेवायची का? माझे मत आहे, माहिती थोडी असेल तर हो. शेकडो टीबी असेल तर नाही. अशा वेळी ताजे काही आठवडे डिस्कवर आणि दीर्घ मुदतीचे टेपवर, ही जोड मला आजही सर्वांत समंजस वाटते. पण मग टेपचे पथ्यही पाळा. तिला थंड आणि कोरडी जागा लागते. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने रात्री एसी बंद होणाऱ्या खोलीत ती ठेवू नये. आणि आठव्या व नवव्या पिढीचा एलटीओ ड्राइव्ह फक्त एकच पिढी मागची टेप वाचतो, त्याआधीचे दोन वाचत असत. जुन्या टेप असतील तर त्या वाचणारा ड्राइव्ह चालू स्थितीत ठेवा किंवा त्यातली माहिती आजच उतरवून घ्या. टेप बंद करण्याच्या घाईत शेवटचा चालता ड्राइव्ह भंगारात देऊ नका.

शेवटचे उदाहरण गिटलॅबचे, कारण त्या कंपनीने आपली चूक न लपवता सविस्तर जाहीर केली आणि त्याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसचे फोल्डर खोडले गेले. ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले. मग बॅकअपकडे धाव घेतली. रोजचा डेटाबेस बॅकअप जुन्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममुळे होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे इशारे देणारे ईमेल नाकारले जात होते, त्यामुळे कोणाला कळले नव्हते. कामी आली ती त्याच अभियंत्याने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत. ती ज्या डिस्कवर होती ती इतकी मंद होती की माहिती परत आणायला सुमारे १८ तास लागले. पाच निरनिराळ्या पद्धती कागदावर होत्या. एकही परतीच्या परीक्षेला बसलेली नव्हती.

या पुस्तकाची प्रकरणे त्यामुळे उलट्या वाटेने लावली आहेत: आधी परत आणणे, मग अलग ठेवणे, मग दुसरी जागा, आणि सर्वांत शेवटी खरेदी. ज्यांना फक्त यंत्र निवडायचे आहे त्यांना शेवटचे प्रकरण आधी वाचण्याचा मोह होईल. तसे वाचले तरी तिसऱ्या प्रकरणातला तक्ता भरल्याशिवाय कोटेशन मागवू नका.

आणि पहिले प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. मागच्या महिन्यातली कोणतीही एक तारीख निवडा आणि त्या दिवसाचा आपला मुख्य डेटाबेस, चालू सर्व्हरला हात न लावता, दुसऱ्या यंत्रावर पूर्ण उभा करायला सांगा. किती तास लागले, कोणाकोणाला फोन करावे लागले आणि कुठे अडले, ते एका कागदावर लिहा. पुढच्या बैठकीत कोटेशनच्या आधी तो कागद संचालकांपुढे ठेवा.